ब्रूनोचं नाव घरात काढायचं नाही

'एन्कान्टो' हा डिस्नेचा अ‍ॅनिमेशनपट नोव्हेंबर २०२१ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. कोलंबियातल्या डोंगरांआड वसलेल्या एका गावात माद्रिगाल कुटुंब राहतं. घरात जवळपास प्रत्येकाला जादूचं एकेक वरदान आहे. हुलिएताच्या हातचं खाल्लं की दुखणं बरं होतं, लुईसाच्या अंगात अचाट बळ आहे, पेपाच्या मनात जसं असेल तसं आभाळ होतं. पेपा आणि हुलिएता यांचा भाऊ ब्रूनो. त्याला भविष्य दिसतं, आणि घरात त्याचं नाव काढायला बंदी आहे. ही बंदी बजावणारं 'वुई डोन्ट टॉक अबाउट ब्रूनो' हे लिन-मॅन्युएल मिरांडा यांचं गाणं २०२२ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

ब्रूनोला पाहून अनेक प्रेक्षकांना मानसिक आजारामुळे बाजूला पडलेला आपला एखादा नातलग आठवला. हे साम्य कितपत खरं आहे आणि त्यातून कुणाचं काही भलं होतं का, यावर एका भाचीचं आणि तिच्या मावशीचं एकमत होत नाही. भाची शाळेत समुपदेशक आहे. मावशी मनोरुग्णालयात परिचारिका होती, आता निवृत्त झाली आहे. दोघींचंही म्हणणं ऐकण्याजोगं आहे, म्हणून ते इथे संवादाच्या रूपात मांडलं आहे.

भाची: मावशी, मानसिक आजारावर मी वर्गात बोलायला लागले की मुलं खाली मान घालून बसतात. तेच ब्रूनोचं नाव काढलं की सगळ्यांना बोलायचं असतं. एकाने विचारलं, 'बाई, त्याने कुणाचं वाईट केलंय तरी काय?' या एका प्रश्नासाठी मी हा सिनेमा दाखवते.

मावशी: मुलं बोलती होतात हे चांगलंच आहे गं. पण सिनेमात आजाराचा उल्लेखसुद्धा नाही. ब्रूनो लाकडावर टकटक करतो, खांद्यावरून मीठ टाकतो, श्वास रोखून धरतो, स्वतःशी पुटपुटतो. एवढ्यावरून लोकांनी त्याला ओसीडी, म्हणजे मंत्रचळाचा आजार, असल्याचं ठरवून टाकलं. चार लकबी बघून निदान करायचं, ही सवय मुलांना लागू नये. उद्या वर्गातला एखादा मुलगा दोनदा बाकाला हात लावेल आणि बाकीचे त्याला तेच चिकटवतील.

भाची: ते मला मान्य आहे. निदान मी कधीच करू देत नाही.

मावशी: त्याहून मोठी अडचण आहे. ब्रूनोला जे दिसतं ते खरं असतं. वॉर्डात मी ज्यांच्यासोबत रात्रपाळ्या काढल्या, त्यांना ऐकू येणारे आवाज बाहेर कुठेच नव्हते, आणि त्या आवाजांनी ती माणसं पार पिळून निघायची. आजाराला दैवी देणगी म्हणायची खोड आपल्याकडे आधीच आहे. दवाखान्यात येण्याआधी कितीजण देवऋषी, भगत, अंगारे-धुपारे करून आलेले असायचे. कुणाच्या अंगावर चटके असायचे. या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं, तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. आणि आता आपणच मुलांना सांगायचं, की ज्याला सगळे वेडा म्हणतात त्याला खरं तर भविष्य दिसतं?

भाची: भविष्य दिसण्याला मी आजार म्हणतच नाही. त्या घरात प्रत्येकाकडेच काहीतरी अचाट आहे. पुतणी दोलोरेस मैलावरची कुजबुज ऐकते, पुतण्या कामिलो हव्या त्या माणसाचं रूप घेतो. त्यांना कुणी भीत नाही. मग एकट्या ब्रूनोलाच का भितात? मला मुलांना तेवढंच दाखवायचं असतं, की एका माणसाला घराबाहेर काढायला आजार असावाच लागतो असं नाही. घरातल्या माणसांनी काही गोष्टी ठरावीक क्रमाने केल्या की ते आपोआप होतं.

मावशी: अगं, पुतणे कसले? पेपाची मुलं ना ती? मग भाचरं झाली त्याची. आणि क्रम कसला म्हणतेस?

भाची: हो, भाचरंच. ते गाणं नीट बघ. एकीचा मासा मेला, एकाचं पोट सुटलं, एकाच्या डोक्यावरचे केस गेले. असं होईल हे ब्रूनोने आधी सांगितलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. पण सांगणारी माणसं अशा सुरात सांगतात जणू ते त्यानेच घडवून आणलं. ही पहिली पायरी: जे घडलं त्याचा दोष त्याच्या माथी. मग येतो कामिलो. तो सांगतो की मामा सात फूट उंच आहे, त्याच्या पाठीवर उंदीर खेळतात. प्रत्यक्षात समोर येतो तो खांदे पाडून चालणारा, सारखा दचकणारा, मळक्या हिरव्या झग्यातला काटकुळा माणूस. ही दुसरी पायरी: माणूस नजरेआड झाला की त्याची गोष्ट वाढत जाते. तिसरी पायरी म्हणजे त्याचं नावच टाकणं.

आणि पेपाच्या लग्नाचं बघ. वादळ आलं, त्याचा ठपका ब्रूनोवर. पण आभाळ पेपाच्या मनावर चालतं हे तर घरात सगळ्यांना माहीत आहे. शेवटी ब्रूनो तिला सांगतो, ती भविष्यवाणी नव्हतीच. तू घामाघूम झाली होतीस, म्हणून मी बोललो. ताण पेपाचा होता आणि दोष गेला भावाकडे. मुलांना हे समजलं ना, की ती एकदम गप्प होतात, मग एकेक जण आपल्या गल्लीतल्या कुणाबद्दल तरी बोलायला लागतं.

मावशी: हे तू चांगलं पकडलंस. वॉर्डातही असंच असायचं. धाकट्याची नोकरी गेली, वडिलांना झटका आला, सगळ्याला कारण एकच: 'याच्यामुळे.' पण मग तू त्या आजीला, आल्माला, खलनायिका करून मोकळी होतेस.

भाची: तिनेच तर घरातल्यांची तोंडं बंद केली.

मावशी: तिच्या बाजूने बघ ना जरा. घरादाराला आग लागलेली, तीन तान्ही लेकरं पोटाशी धरून ती पळाली. नदीपाशी नवऱ्याला डोळ्यांदेखत मारलं. लढाई कोणती ते सिनेमा सांगत नाही, पण यादवीमुळे आपलं गाव सोडून पळावं लागणं कोलंबियातल्या लाखो कुटुंबांनी भोगलंय. अशी बाई घराला तडा गेला की घाबरणारच. सगळं सुरळीत आहे असं जगाला दाखवत राहणं, हा तिचा तगून राहण्याचा मार्ग आहे. तिच्या स्वतःच्या मनाची कुणी कधी विचारपूस केली?

माझ्याकडे येणाऱ्या आयांचं तोंड मी बघितलंय. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ च्या 'स्टिग्मा' या पुस्तकात दाखवून दिलं, की कलंक त्या एका माणसापाशी थांबत नाही, तो जवळच्या सगळ्यांना लागतो. आपल्याकडे तो लागतो लग्न ठरवताना. एका बाईने मला मुलीचा बायोडाटा दाखवला होता. जन्मवेळ, रास, नाडी, मामाचं गाव, दोन्ही काकांच्या नोकऱ्या, सगळं व्यवस्थित छापलेलं. भावंडांच्या ओळीत एकच भाऊ. दुसरा भाऊ त्या वेळी आमच्या वॉर्डात खिडकीपाशी बसलेला होता. ती म्हणाली, 'सिस्टर, एकाला लपवलं नाही तर दुसरीचं कसं व्हायचं?' तिला मी काय उत्तर देणार होते?

भाची: सिनेमात अगदी हेच आहे, मावशी. हुलिएताच्या थोरल्या मुलीला, ईसाबेलाला, बघायला गुस्मान कुटुंब जेवायला येतं, आणि नेमक्या त्याच रात्री आल्माला धास्ती असते की तडे दिसू नयेत. ब्रूनोने पाहिलेल्या भविष्याची बातमी टेबलाभोवती या कानातून त्या कानात जाते, पेपाच्या डोक्यावर ढग जमतो आणि सगळं जेवण उधळतं. दडवण्यात एवढी शक्ती गेली, तरी काही दडलं नाही. तुझ्या त्या बाईला मी दोष देत नाही. पण जो भाऊ छापला गेला नाही, त्याचं काय?

मावशी: त्याचं काय झालं हे मला माहीत आहे, म्हणून तर मला या सिनेमातली भिंत पटत नाही. ब्रूनो स्वतःहून गेला. हुलिएताच्या धाकट्या मुलीला, मिराबेलला, वरदान मिळालं नाही, तेव्हा आल्माने त्याला भविष्य बघायला लावलं. त्याला पडझड झालेल्या घरापुढे उभी असलेली मिराबेल दिसली. सगळे पाच वर्षांच्या पोरीला दोषी धरतील म्हणून त्याने ते फोडून टाकलं आणि भिंतींच्या आतल्या पोकळीत जाऊन राहिला. तिथे तो उंदरांना घेऊन मालिका रचतो, भिंतीला पडलेल्या चिरा लिंपतो. बघताना हसू येतं. खऱ्या भिंतीच्या आत असं काही नसतं. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला एका आश्रयस्थानात आग लागली. माणसं साखळदंडांनी बांधलेली होती, त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. त्यातला कुणी स्वतःहून तिथे जाऊन बसला नव्हता.

भाची: कुठल्याही रूपात साखळीने बांधायला मनाई करणारा कायदा आता आहे.

मावशी: आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१८ पासून लागू. माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी तो आला. पण साखळीशिवायही माणूस अडकतो. तुला आमच्याकडचं रजिस्टर सांगते. भरती करताना नातेवाईक पत्ता लिहून द्यायचे. रुग्ण बरा झाला, घरी जाण्यासारखा झाला, की त्या पत्त्यावर पत्र जायचं. कितीतरी पत्रं परत यायची, पाकिटावर पोस्टमनचा शेरा: या नावाचे कोणी इथे राहत नाही. पत्ता भरतीच्या दिवशीच खोटा दिलेला असायचा. आणि तो माणूस दर पोस्टाला विचारायचा, 'सिस्टर, माझं आलं का?' त्याला काय सांगायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

भाची: म्हणूनच मला ब्रूनोची ती फळी महत्त्वाची वाटते. जेवणघराच्या भिंतीला एक फट आहे. फटीच्या अलीकडे त्याने स्वतःसाठी एक फळी मांडलीय आणि तिच्यावर ताट रंगवलंय, त्यावर स्वतःचं नाव लिहिलंय. घरातली सगळी जेवायला बसली की हाही इकडे आपल्या चितारलेल्या ताटापुढे बसतो. मिराबेलला ते दिसतं तेव्हा ती काही बोलत नाही. तुझा तो पत्र विचारणारा माणूस आणि हा फटीतून बघणारा, दोघांना हवंय ते एकच. कायद्याच्या १९ व्या कलमातही हेच आहे ना? घर नाही, किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्याच कारणावरून कुणाला संस्थेत ठेवता येणार नाही. समाजात राहणं हा त्याचा हक्क आहे.

मावशी: हक्क आहे. पण कलम काही दार उघडत नाही, त्यासाठी कुणाला तरी पायपीट करावी लागते. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणतात, कर्जतच्या केंद्रात उपचार करतात आणि मग त्यांची घरं शोधून त्यांना पोचवतात. त्या कामासाठी २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. क्रम बघ: आधी उपचार, मग घर. तुझ्या सिनेमात उपचार गायब आहे. नदीपाशी आल्मा 'ब्रूनितो' म्हणून लेकाला मिठी मारते आणि सगळं मिटतं. मिठीने मिटत असतं, तर आमच्या वॉर्डात एकही खाट भरलेली राहिली नसती. गोळ्या वेळेवर लागतात, त्यांनी वजन वाढतं, हात थरथरतात, मग बरं वाटलं की माणूस त्या बंद करतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. घरी आल्यानंतरच्या त्या महिन्यांबद्दल सिनेमा एक शब्द काढत नाही.

भाची: नाही काढत. आणि एक गोष्ट मलाही खटकते. परत आल्यावर ब्रूनो सगळ्यांची माफी मागत फिरतो. घरचे म्हणतात, तू आलास यातच आनंद आहे. पण दहा वर्षं त्याचं नाव टाकल्याबद्दल त्याची माफी मागायला हवी होती त्यांनी. आणि दोलोरेस! ती सांगते, तो गेलाच नव्हता हे मला ठाऊक होतं, मी त्याला रोज ऐकत होते. रोज ऐकत होती आणि गप्प होती.

मावशी: दोलोरेस मला खरी वाटते बघ. प्रत्येक घरात एक दोलोरेस असते. वाड्यात, चाळीत, सोसायटीत शेजारची असते. आतल्या खोलीतून येणारा आवाज तिला ऐकू येतो. तिला दुष्टपणा करायचा नसतो. विषय काढायचा कुणी, एवढ्यावर अडतं.

आणखी एक सांगते. लुईसाचं ओझं, ईसाबेलाचं सतत छान दिसण्याचं दडपण, पेपाचा ढग, हे सगळं सिनेमा मायेने ऐकून घेतो. पेपाला टोकतात, 'ढग आलाय बघ,' पण तिचं पान टेबलावर असतं. आजकाल बाहेरही तसंच झालंय. ताण, चिंता, नैराश्य यांवर लोक बोलायला लागलेत, आणि ते फार बरं झालं. स्किझोफ्रेनिया म्हटलं की मात्र अजून सगळे मागे सरतात. ज्याचं बोलणं समजत नाही, जो स्वतःशी पुटपुटतो, त्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. हा क्रम मुलांना दाखव.

भाची: हा मी पाहिला नव्हता. दाखवेन.

मावशी: आणि मोठ्यांना 'देवराई' दाखव. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, २००४ चा. अतुल कुलकर्णीचा शेष स्किझोफ्रेनियाने आजारी आहे आणि सोनाली कुलकर्णीची सीना ही त्याची बहीण त्याला सांभाळते. तिची ओढाताण त्यात आहे, डॉक्टर आहेत, औषधं आहेत. तिथे कुणाला भविष्य दिसत नाही.

भाची: तो दाखवेन, पण 'एन्कान्टो' सोडणार नाही. 'देवराई' बघायला बसणारा माणूस आधीच ऐकायच्या तयारीत असतो. ज्या घरात हा विषय निघत नाही, तिथे 'एन्कान्टो' मुलांच्या हट्टाने लागतो आणि आजीही सोबत बसते. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. डॉक्टर कमी आहेत, औषधं लांब आहेत, हे खरंच. पण नाव काढायचीच बंदी असलेल्या घरातून दवाखान्यापर्यंत जाणार कोण? तुझ्या उपचाराच्या आधी एक पायरी आहे, आणि सिनेमा त्या पायरीबद्दल बोलतो.

मावशी: एवढं मी मान्य करते. बोलणं सुरू झाल्याशिवाय माझ्यापर्यंत कुणी पोचत नव्हतं. उशिरा पोचलेले किती खालावलेले असायचे, ते मी बघितलंय. पण मग तू ती पायरी चढायला लावतेस कुणाला? सिनेमात ब्रूनोला शोधते पंधरा वर्षांची मिराबेल. मोठी माणसं टेबलावर गप्प बसलेली आणि पोरगी भिंतीच्या आत शिरते. गोष्टीत ते शोभतं. तू वर्गात विचारलंस, 'तुमच्या घरी कुणी ब्रूनो आहे का?' तर एखादी मुलगी हात वर करेल, आणि घरी गेल्यावर तिला बोलणी बसतील. दुसऱ्या दिवशी वर्गातली मुलं तिला काय म्हणतील ते वेगळंच.

भाची: असं थेट विचारत नाही मी. पण मुलं आपणहून सांगतात, आणि तेव्हा मी ते सगळ्यांसमोर सांगू देते. ते आता थांबवायला हवं. वर्गात फक्त ब्रूनोबद्दल बोलायचं. स्वतःच्या घराबद्दल कुणाला सांगावंसं वाटलं तर माझ्याकडे एकट्याने यायचं.

मावशी: हो. आणि घरातला प्रश्न पालकांना विचार. पालकसभेला मार्कांबद्दल बोलतेस, तेव्हाच पंधरा मिनिटं काढ. त्यांना सांग, की घरातला कुणी आजारी असेल तर मुलांना ते कळतंच. दोलोरेससारखं त्यांनाही भिंतीतून ऐकू येतं. तुम्ही सांगितलं नाहीत तर ती कामिलोसारखी स्वतःच्या मनाने गोष्ट रचतात, आणि ती गोष्ट आजारापेक्षा भयंकर असते. मुलाला साध्या शब्दांत सांगा: काकाला आजार आहे, त्याला औषध चालू आहे, तो आपला आहे.

भाची: आणि कुठे जायचं असं विचारलं तर?

मावशी: १४४१६. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो आणि तिथून औषधं घेऊन माणूस संध्याकाळी आपल्या घरी जेवायला जाऊ शकतो, हेही सांग. दवाखान्यात नेणं म्हणजे तिथे टाकून येणं नाही, हे पुष्कळांना अजून माहीत नाही.

भाची: पालकसभेला तू येशील?

मावशी: येईन. पण रुग्णाला कसं सांभाळायचं एवढंच बोलून मी थांबणार नाही. ज्यांनी इतकी वर्षं सांभाळलं त्या आयांना आणि बहिणींना मी आधी विचारणार आहे, की तुमची झोप होते का, तुम्हाला मदत कोण करतं. आल्माला हा प्रश्न वेळेत कुणी विचारला असता, तर ब्रूनोवर भिंतीत जायची वेळ आली नसती, असं मला वाटतं. तू मुलांना ब्रूनोची बाजू समजावून सांग. त्यांच्या घरच्या मोठ्यांशी मी बोलते.